सतरा अंकी डेम्लो

सांताक्रूझ पूर्वचा पिनकोड ४०००५५. त्यातल्या अंकांची बेरीज १४. ही बेरीज त्याच पिनकोडात मिळवली की ४०००६९ येतात आणि तो पिनकोड अंधेरी पूर्वचा. पवईच्या आयआयटीचा ४०००७६ घेतला तर अंकांची बेरीज १७. ती मिळवल्यावर ४०००९३, म्हणजे थेट अंधेरीची एमआयडीसी. अंधेरी पश्चिमचा ४०००५८ सुद्धा असाच ४०००४५ मध्ये १३ मिळवून तयार होतो. पण अंधेरीला खेटून असलेल्या विलेपार्ले पूर्वचा ४०००५७ मात्र हट्टी आहे. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, ४०००५७ कधीच येत नाहीत. अंकगणितात अशा संख्येला स्वयंभू म्हणतात.

ही सोयरीक अर्थातच योगायोगाची. सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला तो केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेतून. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात आणि उरलेले तीन टपाल कचेरीचे. मुंबईच्या वाट्याला ४०० आले. या वाटपात टपालाची सोय पाहिली होती, बेरजा-वजाबाक्या नव्हेत. मात्र एखादी संख्या समोर आली की ‘ही कुणापासून झाली?’ असे विचारण्याची रीत महाराष्ट्रातल्याच एका शाळामास्तरांनी घातली.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन. विद्यार्थिदशेतच, १९२७ मध्ये, त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये पदवी घेतली आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षकी केली. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली जागा नाही. हाताशी होते ते वही, पेन्सिल आणि दशमान पद्धतीतले दहा अंक.

स्वयंभू संख्यांवर त्यांनी १९६३ मध्ये लिहिले आणि आपल्या गावावरून त्यांना ‘देवळाली संख्या’ म्हटले. पुढे त्याच संख्या कोलंबियाच्या बर्नार्डो रेकामान यांनीही मांडल्या, म्हणून काही पुस्तकांत त्या ‘कोलंबियन’ झाल्या आहेत. यादी अशी सुरू होते: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. नऊनंतर शंभरच्या आत प्रत्येक पायरी अकराची. पार्ल्याच्या पिनकोडाचे कोडे इथेच सुटते. ४०००५७ चा जनक, म्हणजे ज्या संख्येपासून तो झाला ती संख्या, असता तर तो ४००० ने सुरू झाला असता. त्यातल्या ४ ने बेरजेत आपले ४ टाकले असते आणि उरलेले ५३ शेवटच्या दोन अंकांनी जमवायला हवे होते. पण ५३ स्वतःच स्वयंभू, तेव्हा मार्ग बंद. अकरा-अकराच्या त्याच पायऱ्यांनी पुढे गेले की दहिसर पूर्वचा ४०००६८, विक्रोळीचा ४०००७९ आणि कांदिवली पूर्वचा ४००१०१ हेही स्वयंभू निघतात.

सहा अंकांचे हे झाले. कापरेकरांच्या नावाशी कायमची जोडली गेलेली एक संख्या मात्र सतरा अंकांची आहे: १२३४५६७८९८७६५४३२१.

मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवर डेम्लो नावाचे स्टेशन होते, म्हणजे आजची डोंबिवली. विशिष्ट घडणीच्या संख्यांचा अभ्यास करायची कल्पना कापरेकरांना त्या स्टेशनात सुचली, आणि त्यांनी स्टेशनाचेच नाव संख्यांना दिले. डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात. डावा आणि उजवा भाग एकमेकांत मिळवले की एकच अंक पुन्हा पुन्हा यावा आणि मधला भागही त्याच अंकाचा बनलेला असावा. १६५ मध्ये १ आणि ५ मिळून ६. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ मिळून ७, मध्ये तीन साते. या कुळातल्या १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा चढत्या-उतरत्या संख्यांना कापरेकरांनी ‘वंडरफुल’ असे विशेषण लावले आणि १९३८ मध्ये ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांच्यावर टिपण छापले. सतरा अंकी संख्येत डावीकडचे १२३४५६७८ आणि उजवीकडचे ८७६५४३२१ मिळवले की ९९९९९९९९ येतात आणि मध्ये ९ बसलेलाच आहे.

संख्या किती मोठी? भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकं, दशं, शतं, सहस्र यांपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. या संख्येचा पहिला १ त्यांतल्या सतराव्या, म्हणजे ‘मध्य’ या स्थानावर पडतो. परार्ध फक्त एक घर पुढे.

एवढी मोठी संख्या तयार करायला मात्र नऊ एकक पुरतात. १११११११११ चा वर्ग केला की हीच येते. शाळेतल्या पद्धतीने गुणाकार मांडला तर एकाखाली एक नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळीत नऊ एकक आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजव्या टोकाच्या घराखाली एकच १ येतो, पुढच्या घराखाली दोन, मग तीन. मधोमध नऊ, आणि तिथून पुन्हा उतरण. कोणत्याही घरात बेरीज नवापलीकडे जात नाही, म्हणून हातचा लागत नाही आणि एककांची गणती उघड्यावर राहते.

दहा एककांचा वर्ग केला की हातचा आलाच. मधल्या घरात दहा येतात. शून्य मांडून एक हातचा डावीकडच्या नवात जातो, तिथेही दहा होतात, पुन्हा शून्य मांडून एक हातचा आठात जातो आणि आठाचा नऊ होतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीतला आठ नाहीसा झाला आणि शिखराच्या जागी दोन शून्ये आली.

या कुळाचा मान कापरेकरांच्याही आधी ओळखलेला आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा राष्ट्रकूटांच्या राज्यात होता. या ग्रंथात गुणाकाराची उदाहरणे देताना महावीराचार्य उत्तर सुंदर माळेसारखे यावे अशा जोड्या निवडतात. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१ येतात, म्हणजे सहा एककांचा वर्ग, आपल्या सतरा अंकीचे धाकटे भावंड. १२३४५६७९ ला ९ ने गुणले की १११११११११, हेही तिथे आहे. या दुसऱ्या उदाहरणातही आठ गायब आहे, आणि त्यामागेही हातच्याचीच करणी आहे: १ ला ८१ ने भागत गेले की दशांश चिन्हानंतर ०१२३४५६७९ हा गट अखंड फिरत राहतो.

आता सतरा अंकी संख्येचे अवयव. १११११११११ म्हणजे १११ गुणिले १००१००१. पहिल्याचे ३ आणि ३७, दुसऱ्याचे ३ आणि ३३३६६७ असे तुकडे पडतात. ३, ३७ आणि ३३३६६७ या तिन्ही मूळ संख्या आहेत. वर्गात प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो, तेव्हा सतरा अंकी संख्येत ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा. यांतून तिचे एकूण ४५ विभाजक निघतात. आणि ४५ ला कापरेकरांच्या वहीत वेगळे स्थान आहे: ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५.

वर्गाचे दोन तुकडे मिळवून मूळची संख्या परत येते अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ अधिक २०९ म्हणजे ७०३. २२२३ चा वर्ग ४९४१७२९. ४९४ अधिक १७२९ म्हणजे २२२३, आणि यातला १७२९ रामानुजनांच्या टॅक्सीच्या किश्श्यामुळे जगाला ठाऊक आहे. १११११११११ स्वतः कापरेकर संख्या नाही, पण तिच्या वर्गाचे असेच दोन तुकडे करून पाहण्याजोगे आहेत. उजवीकडचे नऊ अंक ९८७६५४३२१, डावीकडे उरतात १२३४५६७८. बेरीज ९९९९९९९९९. नऊ एककांच्या जागी नऊ नऊ! आणि ही नऊ नवांची संख्या मात्र अस्सल कापरेकर संख्या आहे. तिचा वर्ग ९९९९९९९९८००००००००१, आणि त्यातले ९९९९९९९९८ अधिक १ म्हणजे पुन्हा तीच.

हे नऊ येतात कुठून? दहाला नवाने भागले की बाकी १ उरते. शंभराला, हजारालाही तेवढीच. म्हणून संख्येला नवाने भागून उरणारी बाकी आणि तिच्या अंकांच्या बेरजेला भागून उरणारी बाकी एकच असते. नवाची कसोटी म्हणून शाळेत शिकतात ती हीच. तेच सूत्र मोठे करता येते. एक अब्जाला ९९९९९९९९९ ने भागले की बाकी १ उरते, म्हणून नऊ-नऊ अंकांचे गट करून बेरीज घेतली तरी ९९९९९९९९९ ने भागल्यावरची बाकी बदलत नाही. इकडे १११११११११ म्हणजे ९ गुणिले १२३४५६७९. तेव्हा तिचा वर्ग म्हणजे ९९९९९९९९९ गुणिले १२३४५६७९. भाग पूर्ण जातो, म्हणून गटांच्या बेरजेलाही पूर्ण जायला हवा. बेरीज एवढी लहान की ती नऊ नवांखेरीज दुसरी काही असूच शकत नाही.

आता हर्षद संख्या. अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती हर्षद; हेही नाव कापरेकरांचेच. अमेरिकेत तिला गणितज्ञ आयव्हन निवेन यांच्यावरून निवेन संख्या म्हणतात. अंधेरीचे ४०००५३, ४०००५८, ४०००६९ आणि ४०००९३ हे पिनकोड या परीक्षेत नापास होतात. सतरा अंकी डेम्लो उत्तीर्ण होते. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागल्यावर १५२४१५७८९९७१०४१ येतात, बाकी शून्य. भागाकारही पुन्हा वर्गच, १२३४५६७९ चा.

अंकांची बेरीज नवाच्या पटीत असली की नवाने भाग जातो, पण मोठ्या पटींना हा नियम लागू नाही. १८९९ च्या अंकांची बेरीज २७. तिला २७ ने भागले तर ९ उरतात. मग इथे ८१ कसे जुळले? एकतर नऊ एककांची बेरीज ९ असल्याने त्या संख्येला नवाने भाग जातो, म्हणून वर्गाला ८१ ने जातो. दुसरे म्हणजे गुणाकारात हातचा आलाच नाही, आणि हातचा न येता झालेल्या गुणाकारात उत्तराच्या अंकांची बेरीज मूळ बेरजांच्या गुणाकाराएवढीच राहते: ९ गुणिले ९. या दोन्ही गोष्टी एकत्र येणे दुर्मीळ आहे. एका एककापासून नऊ एककांपर्यंतचे नऊ वर्ग घेतले तर त्यांत फक्त १, १२३२१ आणि ही सतरा अंकी एवढ्याच हर्षद आहेत. हर्षद संख्यांवर पुढे काम होत राहिले. कर्टिस कूपर आणि रॉबर्ट केनेडी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केले की दशमान पद्धतीत सलग २१ संख्या हर्षद असू शकत नाहीत, पण सलग २० असू शकतात.

स्वयंभूपणाची परीक्षाही घ्यायला हवी. संख्या मोठी असली तरी शोध आटोपशीर आहे. सतरा अंकांची बेरीज फार तर १५३, म्हणून जनक असलाच तर तो १५३ च्या आत मागे असणार. नवाच्या बाकीचा हिशोब सांगतो की जनकाच्या अंकांची बेरीज नवाच्या पटीत हवी. सुरुवातीचे चौदा अंक जागचे हलत नाहीत आणि त्यांचीच बेरीज ७५ भरते, शेवटचे तीन अंक त्यात जास्तीत जास्त २७ घालू शकतात. उरतात तीन उमेदवार: ८१, ९० आणि ९९. पैकी ८१ जुळते. १२३४५६७८९८७६५४२४० च्या अंकांची बेरीज ८१, आणि ती मिळवली की १२३४५६७८९८७६५४३२१. जनक मिळाला, आणि एकच. म्हणजे पार्ले पूर्वचा सहा अंकी पिनकोड स्वयंभू आहे, ही दिमाखदार सतरा अंकी नाही.

कापरेकरांचे नाव जगभर गेले ते ६१७४ मुळे. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ही संख्या मांडली आणि मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले. चार अंक घ्यायचे, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने मांडलेल्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करायची आणि उत्तरावर तेच पुन्हा करत राहायचे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतात आणि मग तिथेच मुक्काम. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतले तर उत्तरे येतात ती ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. पुरत्या सात वजाबाक्या.

ही खूण सतरा अंकीतही आहे. तिची चढण १२३४५६७८९, उतरण ९८७६५४३२१. शिखरावरचा नऊ दोघांना सामाईक. उतरणीतून चढण वजा केली की ८६४१९७५३२. या उत्तरात पुन्हा एक ते नऊ हेच अंक एकेकदा आले आहेत, म्हणून ते उतरत्या-चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी केली तरी ८६४१९७५३२ च येतात. चार अंकांत ६१७४ चे जे स्थान, तशाच नऊ अंकांत दोन संख्या आहेत: ५५४९९९४४५ आणि ही. फरक एवढाच की नऊ अंकी सगळ्या संख्या त्यांच्यापाशी येऊन थांबत नाहीत. काही एका फेऱ्यात अडकून त्याच उत्तरांवर घुमत राहतात.

अशा गमतींना गणित म्हणावे का, यावर गणितज्ञांत कुरबूर होती. जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ ची उदाहरणे दिली. पहिली तिच्या उलट्या २१७८ च्या चौपट, दुसरी तिच्या उलट्या १०८९ च्या नऊपट. अशी माहिती कोड्यांच्या सदरात शोभते, गंभीर गणितात नाही, असे त्यांचे मत. आक्षेपाचा गाभा असा की हे गुण संख्येचे नसून ती दहाच्या पटीत लिहिण्याच्या सवयीचे आहेत.

डेम्लोच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे. आठाच्या पटीत मोजणाऱ्या पद्धतीत सात एककांचा वर्ग केला तर तिथेही १२३४५६७६५४३२१ असेच उत्तर येते, शिखरावर सात. सोळाच्या पद्धतीत पंधरा एककांपर्यंत चढण टिकते. म्हणजे दहा हा आकडा महत्त्वाचा नाही; पद्धतीच्या पायापेक्षा एकाने कमी असलेली संख्या महत्त्वाची आहे आणि दशमान पद्धतीत ती नऊ आहे. कापरेकर संख्यांबाबत डग्लस आयानुची यांनी २००० साली दाखवले की त्यांची पूर्ण यादी ९, ९९, ९९९ अशा संख्यांच्या ठरावीक प्रकारच्या विभाजकांवरून काढता येते. ७०३ आणि २२२३ ही फुटकळ नवले राहिली नाहीत, ती विभाजकांच्या सिद्धांतात बसली.

सतरा अंकी डेम्लो संगणकाला मात्र जड जाते. अंधेरी पूर्वेला १९७३ मध्ये सुरू झालेल्या सीप्झ या उद्योगक्षेत्रात आज संगणकांना तोटा नाही. तिथल्या कुठल्याही संगणकावर एक्सेलच्या चौकटीत हे सतरा अंक टंकले आणि पूर्ण आकडा दिसेल अशी मांडणी ठेवली, तर दिसतात १२३४५६७८९८७६५४३००. एक्सेल पंधरा अंकच जपते. बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांतल्या दशांश संख्या ५३ बिटांच्या अचूकतेने साठवल्या जातात. त्यांत ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच्या सगळ्या पूर्ण संख्या मावतात, त्यापुढे काही अंतरापर्यंत फक्त सम. डेम्लो त्याच टापूत येते आणि ती विषम आहे, म्हणून तिच्या जागी ३२० ने संपणारी संख्या साठवली जाते. चूक पकडायला नवाची कसोटी पुरते: एक्सेलच्या आकड्यातल्या अंकांची बेरीज ७८ होते, नवाने भाग जात नाही.

डेम्लोच्या मुळाशी असलेल्या एककांच्या माळांवरचे काम अजून चालू आहे. नऊ एककांचे तुकडे पडतात, पण दोन एककांची संख्या, म्हणजे ११, मूळ आहे. त्यानंतरची मूळ माळ थेट १९ एककांची, मग २३ ची, ३१७ ची आणि १०३१ ची. ४९०८१ एककांची संख्या मूळ असल्याचे २०२२ मध्ये सिद्ध झाले. अशा मूळ माळा अनंत आहेत की कुठेतरी संपतात, याचा निकाल गणितात अजून लागलेला नाही.